प्रस्तावना : डागडुजीचा वारसा

जुलै संपत आलेला असतो. मासेमारीबंदीचे ६१ दिवस सरत आलेले असतात आणि वसईच्या पाचूबंदरावर, किल्लाबंदरावर, नायगावात, वर अर्नाळ्यात, ओढून ठेवलेल्या होड्यांभोवती पुन्हा माणसं दिसू लागतात. पाऊस जरा उघडला की होडीवरचं प्लास्टिक बाजूला होतं. दोन फळ्यांमधल्या सांध्यातली जुनी, कुजकी वात उकरून काढायची, कापसाची नवी वात पिळून तेलात भिजवायची आणि बोथट छिन्नीने ठोकत ठोकत सांध्यात बसवायची. वरून राळेचा लेप. हे करणारा मिस्त्री डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त भिस्त ठेवतो. वात नीट बसेपर्यंत ठोका पोकळ वाजतो, बसली की भरीव. हे कुणाकडून शिकलात असं विचारलं तर तो जरा बुचकळ्यातच पडतो. बघून बघून आलेल्या गोष्टीला गुरू कुठला सांगायचा?

एके काळी समुद्रापार जाणारी जहाजं बांधणाऱ्या या किनाऱ्यावर त्या विद्येतलं आज एवढंच उरलं आहे, आणि जे उरलं आहे ते दर वर्षी नव्याने करावं लागतं. हे पुस्तक त्या दर वर्षी करण्याविषयी आहे.

जहाजबांधणीवर मोठी झालेली आणि ती गेल्यावर भलत्याच कशावर तरी जगायला लागलेली गावं जगभर आहेत. अशा गावाने आपली संस्कृती आपल्याच हातांनी पुन्हा उभी करायची, या खटपटीला आपल्याकडे ‘सांस्कृतिक पुनरुज्जीवन’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. मला तो शब्द खटकतो. पुनरुज्जीवन मेलेल्याचं करतात, आणि ते बहुधा बाहेरून आलेला कुणी चमत्कारी पुरुष करतो. पाण्यावर जगणाऱ्यांचा शब्द साधा आहे : डागडुजी. ती ज्याची होडी त्यानेच करायची असते, आणि यंदा केली म्हणून पुढच्या वर्षी टळत नाही. नवख्या वाचकाने हा शब्द हाताशी ठेवला, तर पुढचा सगळा पसारा त्याला आपोआप लावता येईल.

किनाऱ्याची वंशावळ

वसईची गोष्ट किल्ल्यापासून सुरू करायची आपल्याला सवय आहे. ती सोपाऱ्यापासून सुरू करायला हवी. आज नालासोपारा म्हटलं की लोकलची गर्दी आठवते. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणच्या जोडीने ‘सुप्पारा’ या बंदराचं नाव येतं. शूर्पारकाचा, म्हणजे सोपाऱ्याचाच, पूर्ण नावाचा व्यापारी बौद्ध कथांत भेटतो. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथला स्तूप उकरला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यात मिळाला, आणि १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात नवव्या शिलालेखाचा. सम्राटाने आपली आज्ञा कोरायला जी ठिकाणं निवडली त्यांत हे बंदर होतं, यावरून त्याच्या वर्दळीची कल्पना येते.

सोपाऱ्याची खाडी गाळाने भरत गेली, आणि पुढच्या काळात जहाजांच्या संदर्भात आगाशीचं नाव ऐकू येऊ लागतं. पोर्तुगीजांनी १५३० आणि १५३१ अशी लागोपाठ दोन वर्षं आगाशी लुटली. १५४० मध्ये तर इथे बांधणीवर असलेलं एक मोठं जहाज ताब्यात घेण्यासाठीच त्यांची मोहीम निघाली, असं जुनं गॅझेटिअर सांगतं. आगाशी म्हटल्यावर आज फार तर सुकेळी आठवतात. त्याच गावच्या सुतारांचं काम दर्यावर्दी पोर्तुगीजांनी पळवून न्यावं इतकं चांगलं होतं, हे शाळेत कुणी सांगत नाही.

१५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली आणि पुढची दोनशे वर्षं ती त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी झाली. वसई त्यांना हवीशी वाटण्याची कारणं जमिनीतच होती. मागे तानसा-वैतरणेच्या खोऱ्यांतली सागाची जंगलं, पुढे खोल खाडी, आणि घडवायला चांगला दगड. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुस बॅसिलिकेच्या दर्शनी भागाला वसईचा दगड लागला आहे. लाकूड नदीने खाली यायचं, खाडीच्या काठावर त्याचं जहाज व्हायचं. या साखळीचं एक टोक कोळीवाड्यात आणि दुसरं आदिवासी पाड्यात होतं. जंगलातलं हे टोक इतिहासात सहसा कुणी मोजत नाही.

विद्या मात्र सत्तेच्या हद्दी मानत नाही. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीत आरमाराची पहिली गलबतं बांधायला घेतली, तेव्हा १६५९ च्या सुमारास त्या कामावर रुई लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह होता. हा माणूस शत्रूला जहाजं बांधून देतो आहे हे लक्षात आल्यावर वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी या मंडळींना तिथून पळून यायला लावलं. काम थांबलं नाही. मराठी आरमाराच्या उगमाशी खाडीपलीकडची ही कारागिरी आहे, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात दोन्ही काठांची मान ताठ राहते.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. सरसुभेदार शंकराजी केशवांच्या कारभारात वसई हे पेशव्यांच्या आरमाराचं ठाणं झालं. देवळांत टांगलेल्या पोर्तुगीज घंटा आजही त्या विजयाची साक्ष देतात; नाशिकच्या नारोशंकराची घंटा हे त्यातलं ठळक उदाहरण. पण त्याच वसईत अशी घरं आहेत की ज्यांच्या पूर्वजांनी त्या वर्षी आपल्या चर्चची घंटा उतरताना पाहिली. एकाच तारखेच्या या दोन आठवणी एका गावात शेजारी-शेजारी नांदतात. या पुस्तकाची अडचण तीच आहे आणि श्रीमंतीही.

ऱ्हास एका फटक्यात आला नाही. वसई मराठ्यांनी घेतली त्याच्या तीन वर्षं आधी लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले होते. १७५० मध्ये मुंबईत कोरडी गोदी तयार झाली, आणि मोठ्या जहाजांचं काम खाडीच्या दक्षिणेला सरकलं. डिसेंबर १७८० मध्ये इंग्रजांनी वसई घेतली, सालबाईच्या तहाने परत केली. १८०२ च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत तह करून पेशवाईचं स्वातंत्र्य गमावलं. मग वाफेची जहाजं आली, १८६० च्या दशकात रेल्वे आली, माल खाडीतून रुळांवर गेला. किल्ल्यात झाडं वाढली. जहाज गेलं, मचवा राहिला. मचव्याला इंजिन बसलं. आता लाकडाच्या किमतीपुढे हात टेकून अनेक जण फायबरची होडी घेतात.

तरी पूर्ण काहीच गेलं नाही. होडीच्या तळाच्या मुख्य लाकडाला अजून ‘पठाण’ म्हणतात, पुढच्या टोकाला ‘नाळ’. सकाळी बंदरावर मासळीचा लिलाव पुकारतात तो ‘लिलाव’ हा शब्दच पोर्तुगीज आहे. पगार, चावी, बटाटा आणि पाव यांचं घराणंही तेच. बोलणाऱ्याला याचा पत्ता नसतो, आणि वारसा खरा मुरला की त्याचा पत्ता लागू नये हेच बरं.

जगाने केलेले प्रयोग

जहाजबांधणी गेलेल्या गावांचं काय करायचं, या प्रश्नाला जगाने जी उत्तरं दिली, त्यांच्या ढोबळमानाने चार परंपरा सांगता येतील.

पहिली जतनाची. वास्तू सरकारने ताब्यात घ्यायची, कुंपण घालायचं, फलक लावायचा. आपल्याकडे १९०४ आणि १९५८ च्या कायद्यांनी ती रुजवली, आणि वसईचा किल्ला आज भग्न का होईना, उभा आहे तो तिच्यामुळे. पण २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरांत नियंत्रण आहे. त्या हद्दीत राहणाऱ्याला आपल्या घराच्या डागडुजीलाही परवानगी लागते. दगड सुरक्षित झाला. दगडाशेजारी राहणाऱ्याचं छप्पर मात्र अर्जाला टांगलं.

दुसरी परंपरा भव्य वास्तूची. स्पेनमधल्या बिल्बाओचा मोठा जहाज कारखाना १९८८ मध्ये बंद झाला आणि १९९७ मध्ये तिथे नदीकाठी गुगेनहाइम संग्रहालय उघडलं. पर्यटक लोटले, आणि जगभरच्या नगरपालिकांना एकच स्वप्न पडू लागलं. यात शहर पालटतं हे खरं. जुन्या कारखान्यातला जोडारी त्या संग्रहालयात तिकीट काढून जातो, हेही तितकंच खरं.

तिसरी परंपरा ‘परिसर-संग्रहालया’ची. १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये जॉर्ज-ऑन्री रिव्हिएर आणि ह्यूग द व्हारिन यांनी मांडलं की संग्रहालय म्हणजे काचेचं कपाट असायला नको. अख्खा परिसर हेच संग्रहालय, आणि तिथले रहिवासी हेच त्याचे राखणदार. २००३ चा युनेस्कोचा अमूर्त वारशाचा करार आणि २००५ मध्ये पोर्तुगालच्या फारो शहरात झालेला युरोपीय करार ही त्याच विचाराची पुढची पावलं. फारो कराराने ‘वारसा-समुदाय’ ही कल्पना पुढे आणली : ज्यांना एखादी गोष्ट मोलाची वाटते आणि जी पुढे न्यावीशी वाटते, ते सगळे तिचे वारस, जन्म कुठे झाला हा प्रश्न नंतरचा.

चौथी परंपरा हातांची, आणि ती मला सर्वांत जवळची वाटते. ग्लासगोच्या गोव्हन भागात क्लाइड नदीकाठचे जहाज कारखाने एकामागून एक थंडावल्यावर बेकारी आणि व्यसनं घरोघर शिरली. १९९७ मध्ये तिथे ‘गालगेल’ नावाची संस्था सुरू झाली. तिने स्मारक उभारलं नाही. बेकार माणसांना लाकूड आणि हत्यारं दिली आणि जुन्या पद्धतीच्या होड्या बांधायला बसवलं. होडी विकण्यासाठी नव्हती. कामाची शिस्त आणि केलेल्या वस्तूचा अभिमान परत यावा, एवढाच हेतू.

याच परंपरेतलं एक उदाहरण आपल्या फार जवळचं आहे. १८१७ मध्ये वाडियांनी मुंबईत मलबारी सागाचं ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज बांधलं. ते आज इंग्लंडमधल्या हार्टलपूल गावात तरंगतं आहे. हार्टलपूलचे स्वतःचे जहाज कारखाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडले होते. त्या गावाने दहा-बारा वर्षं खपून २००१ मध्ये या जहाजाची दुरुस्ती पुरी केली, आणि तेच जहाज गावाच्या नव्या उभारीचं केंद्र झालं. आपल्या सुतारांनी बांधलेलं जहाज दुसऱ्या देशातल्या ओसाड पडलेल्या गावाला हात देतं. आपण मात्र आपल्या किनाऱ्यावर काय शिल्लक आहे याची यादीसुद्धा केलेली नाही.

वसईची स्वतःची रीत

या चार परंपरांच्या चौकटीत वसईला बसवायचा मोह होतो. पण वसईने आपली एक रीत आधीच घालून दिली आहे, आणि ती पुस्तकी नाही. ‘समाजाने पुढाकार घेणं’ हा शब्दप्रयोग रूढ होण्याच्या कितीतरी आधी, १९१८ मध्ये, इथल्या ख्रिस्ती समाजाने सावकारी पाशातून सुटण्यासाठी मॉन्सिन्योर मोनिस यांच्या पुढाकाराने पतसंस्था काढली. तीच पुढे बसीन कॅथॉलिक बँक झाली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईची हिरवी जमीन बिल्डरांना मोकळी होऊ लागली आणि विहिरींचं पाणी टँकरने बाहेर जाऊ लागलं, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समिती उभी केली. हे फादर ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते, २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. पाण्याचा मोर्चा आणि मराठीचं मासिक एकाच माणसाच्या हाती असणं हा योगायोग नव्हता. जमीन गेली तर वाडी जाईल, वाडी गेली तर वाडीची बोली जाईल, हे त्या चळवळीला कळलं होतं.

वसईचं बावखल हे याचं उत्तम उदाहरण. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं छोटं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, मुरतं, आसपासच्या विहिरी गोड राखतं आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला आत सरकू देत नाही. नळ आला, बावखलं बुजली, त्यांवर घरं झाली. जुलै २०१८ मध्ये वसई कित्येक दिवस पाण्याखाली राहिली, तेव्हा बुजवलेल्या त्या जागांची आठवण सगळ्यांना एकदम झाली. आता उरलेली बावखलं वाचवण्यासाठी, उपसण्यासाठी गावकरी पुढे येतात. एखादं बावखल उपसायला घेतलं की त्याबरोबर रहाटाचे शब्द, त्याच्या काठावरच्या झाडांची नावं, कुणाच्या लग्नात तिथे काय झालं ते, सगळं वर येतं. गाळ उपसणं हे सांस्कृतिक काम आहे, हे सिद्ध करायला वेगळा निबंध लागत नाही.

किल्ल्यातही हेच चालू आहे. सुटीच्या दिवशी तरुण मंडळी तटावरची झुडपं काढतात, बुरुजांची नावं लहान मुलांना शिकवतात. सामवेदी ख्रिस्ती समाजात कादोडी बोलीत गाणी, कविता, नाटुकली लिहिली जाऊ लागली आहेत. आजीच्या तोंडची भाषा नातवाच्या मोबाइलवर आली आहे. सोपाऱ्याच्या स्तूपावर बुद्धपौर्णिमेला माणसं जमतात. यातल्या कुणीही ‘सांस्कृतिक पुनरुज्जीवन’ असा फलक लावलेला नाही.

आत्ताच का?

कारण वेळ थोडा आहे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची वस्ती १२ लाखांवर गेली होती, आणि तेव्हापासून इमारती थांबलेल्या नाहीत. २००९ मध्ये ही महापालिका झाली तेव्हा तीत सामील व्हायला अनेक गावांनी विरोध केला, तो केवळ कराच्या भीतीने नव्हता. उत्तरेला वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. पालघरच्या किनाऱ्यावरचा मच्छीमार आपल्या जाळ्यांच्या जागेबद्दल चिंतेत आहे. दुसरीकडे, फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर आणि वसई यांच्यामध्ये रो-रो बोट धावू लागली. दीडशे वर्षांनी प्रवासी पुन्हा खाडीकडे वळला आहे. पण तो उतरतो तिथे त्याला काय दिसतं, कोण काय सांगतं, हे अजून ठरायचं आहे. आपण ठरवलं नाही तर कुणीतरी ठरवीलच.

विद्येच्या बाजूनेही ही घडी महत्त्वाची आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या जहाजावरून, फळ्या काथ्याने शिवून बांधलेली ‘कौंडिन्य’ ही नौका मे २०२५ मध्ये नौदलात दाखल झाली. ती गोव्यात बांधली गेली, केरळच्या मुरब्बी कारागिरांच्या हाताखाली. एवढ्या मोठ्या देशात ही विद्या येणारे हात शोधावे लागतात, यातून घ्यायचा तो बोध आपण घ्यावा.

सावधगिरीचे दोन शब्द

या क्षेत्रात शिरणाऱ्याने दोन खड्डे ओळखून असावं. पहिला गतकाळाच्या कौतुकाचा. जुन्या गलबतावर सगळं गोडच होतं असं नाही. वेठ होती, गुलामही होते, आणि जंगल तोडणाऱ्याच्या हाती त्यातलं फारसं काही पडलं नाही. दुसरा खड्डा ‘समाज’ या शब्दाचा. कुठला समाज? कोळी, मांगेला, वाडवळ, सामवेदी, भंडारी, आगरी, मुसलमान, वारली. आणि त्यांच्याहून संख्येने कितीतरी मोठा, गेल्या तीस-चाळीस वर्षांत विरार-नालासोपाऱ्यात येऊन राहिलेला कष्टकरी वर्ग. त्याला ‘बाहेरचा’ म्हणून दारात उभं करायचं असेल, तर हा सगळा उद्योग चार जुन्या घराण्यांचा मेळावा होऊन बसेल. शूर्पारकाच्या बंदरात दोन हजार वर्षांपूर्वीही बहुतेक माणसं बाहेरचीच होती.

या पुस्तकाविषयी

पुढच्या पानांत वाचकाला एकच एक सूर मिळणार नाही, आणि तो मिळू नये अशीच संपादकांची इच्छा दिसते. काही मजकूर अभ्यासकांचा आहे, काही होडीवर काम करणाऱ्यांनी सांगितलेला आणि दुसऱ्याने लिहून घेतलेला. मासळी विकणाऱ्या बायकांचा हिशेब त्यात आहे आणि शिक्षकांनी मुलांबरोबर केलेल्या नकाशांची गोष्टही. बोली जिथे आली आहे तिथे ती प्रमाण मराठीत घासून-पुसून घेतलेली नाही, हे मला विशेष आवडलं. १७३९ बद्दलची दोन मतं दोन लेखांत शेजारी-शेजारी आहेत. त्यांच्यात न्यायनिवाडा करण्याचा आव कुणी आणलेला नाही.

हे पुस्तक एक प्रश्न सोडवू पाहतं : वस्तू टिकवायची की काम टिकवायचं? त्याचा कल कामाकडे आहे. एक जुना मचवा रंगवून चौकात ठेवणं सोपं आहे, आणि आपल्याकडच्या अनेक चौकांत ते झालंही आहे. पण लाकडी होडीचा एक धर्म आहे. ती फार दिवस कोरडी राहिली की तिच्या फळ्या आखडतात आणि सांधे उघडतात. वाळूवर कितीही ठोकून वाती भरल्या तरी पाण्यात उतरवल्यावर पहिले काही दिवस ती झिरपतेच. कुणीतरी आत बसून पाणी उपसत राहावं लागतं. मग लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि सांधे आपोआप आवळले जातात. चौकातल्या मचव्याला हे सुख कधीच मिळत नाही.

या पुस्तकातही फटी आहेत. संपादकांना त्या ठाऊक आहेत. वारली पाड्यांवरचा मजकूर कमी आहे, नालासोपाऱ्यातल्या नव्या वस्त्यांवरचा त्याहून कमी. त्या भरण्याचं काम पुढच्या हंगामाचं. तोवर हे पाण्यात उतरवायला हरकत नाही. आत बसून उपसणारे हात मात्र हवेत.